पायरीवर चढलेला शेला

कारंडवाडीच्या आरोग्य केंद्रात गुरुवारी सगळ्यात आधी हळकुंडांची टोपली बाहेर निघायची. त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी तिथे 'शेला' आला, तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या हुशार मंडळींनी भिंतीवर सूचना चिकटवली: तपासणीपूर्वी अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढून ठेवावी. गरोदर बायकांनी ती वाचली, एकमेकींकडे पाहिलं आणि सरळ घरची वाट धरली. मंगळसूत्र काढायचं? तेही पोटात लेकरू असताना? डोकं ठिकाणावर आहे का! पुढचे कितीतरी गुरुवार शेला कपाटात घडी घालून पडला होता. शेवटी गावातल्याच कुणीतरी तोड काढली. सोनं उतरवायच्या आधी गळ्यात हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घालायचा, मग सोनं डब्यात. गळा क्षणभरही मोकळा राहत नाही आणि शेल्याचंही काम होतं. तेव्हापासून ही टोपली सुरू झाली.

दुसरी अडचण गाऊनची. दवाखान्याचा पांढरा गाऊन अंगात चढवायला एकही बाई तयार होईना. "आम्ही काय मुडदे हाय व्हय?" असं एकीनं तोंडावर विचारलं. इथे मात्र तोड निघाली नाही, सरकारनंच माघार घेतली. साडी-परकर अंगावर राहील, फक्त ब्लाउजला हुकांऐवजी नाड्या, एवढ्यावर तह झाला.

शेल्याचं कागदोपत्री नाव 'द्विमितीय हृच्चुंबक आलेखक'. ते नीट उच्चारेपर्यंत बाळंतपण होऊन जाईल, म्हणून शेला. राखाडी रंगाचं, हाताला सायीसारखं मऊ लागणारं कापड. ते पोटावर पांघरलं की समोरच्या पडद्यावर बाळाच्या हृदयाची रेघ धावू लागायची. शेला आवाज ऐकत नव्हता, चुंबकत्व टिपत होता. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक चिमुकली लाट, आणि वीज हलली की तिच्याभोवती चुंबकत्व आलंच. पोटातल्या बाळाच्या हृदयाचं चुंबकत्व ते केवढं? आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं जेवढं आहे त्याचा जेमतेम कोटीवा हिस्सा. तेवढी चाहूल पकडणारी वस्तू खटाव तालुक्यातल्या एका लोखंडी खाटेवर पांघरली जात होती. बायकांना आता त्याचं काही वाटत नसे. "आज आळशीच दिसतंय माझं," असं पडद्याकडे बघून म्हणत त्या डिंकाचा लाडू खायला बाहेर पडायच्या.

राजनंदिनीला मात्र गेले तीन गुरुवार लाडू गोड लागत नव्हता. घरातले तिला नंदू म्हणायचे. तिचा नवरा सैन्यात, लडाखला. बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती, आणि आईनं, उज्ज्वलानं, तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी नंदूचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. तिच्या सासरच्या गावी शेला नव्हता. ठोके ऐकायचं साधं यंत्र होतं, आणि आदल्या दिवशीपर्यंत त्यावर ठोके अगदी ठणठणीत ऐकू येत होते. का गेलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. आता पुन्हा आठवा लागला होता.

आणि शेल्यावर नंदूच्या बाळाची रेघ मध्येच सपाट व्हायला लागली होती. पहिल्या गुरुवारी एकदाच, क्षणभर. पुढच्या गुरुवारी दोन-तीनदा. आज तर इतक्या वेळा, की डॉ. रेहान आतारांनी मोजायचं सोडून दिलं. एकदा सलग चार सेकंद रेघ उठलीच नाही. डॉक्टर वयानं तरुण, बोलायला गमतीदार. पण त्या चार सेकंदांनंतर त्यांची गंमत संपली. त्यांनी साधं यंत्र लावून पुष्कळ वेळ ठोके ऐकले. ठोके नीट येत होते. पण मागच्या वेळीही ते नीटच येत होते ना! दोन्ही यंत्रं एकाच वेळी लावायची सोय नव्हती, कारण ठोक्यांच्या यंत्रातली वीज शेल्याला काही सुचू देत नसे.

"साताऱ्याला नेऊया," ते अखेर उज्ज्वलाला म्हणाले. "आजच. ऑपरेशन करून बाळ बाहेर काढतील. पोटात ठेवणं आता धोक्याचं आहे."

"सातव्याचं जगतं डॉक्टर," उज्ज्वला म्हणाली, "आठव्याचं जगत न्हाई."

"तो जुना समज आहे, काकी."

"मग जगंल म्हणून लिहून देता का?"

डॉक्टर काय लिहून देणार, कपाळ? इतक्या लवकर काढलेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. जगेलही, नाहीही. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली आणि त्याच श्वासात पुण्याला फोन लावला. "शेला बिघडलाय की बाळ, एवढंच मला कुणीतरी येऊन सांगा," असं ते जवळजवळ ओरडलेच.

केतकी मुळीक दुपारी पोचल्या. शेला ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या ह्याच बाई. ठेंगण्या, घाईच्या, आल्या आल्या "काही खायला आहे का हो?" असं विचारणाऱ्या. लाडू चावता चावता त्यांनी शेला उचलला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, आणि शेजारच्या बाकावर स्वतः आडव्या होऊन तो आपल्याच छातीवर पांघरला. पडद्यावर त्यांची रेघ धावू लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कुठेही खंड नाही.

"शेला धडधाकट आहे," त्या उठून बसल्या. "बिघडलेला असता तर बरं झालं असतं."

नंदूनं डोळे मिटून घेतले. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. सकाळी बोलावलेली रुग्णवाहिका आत्ता कुठे बाहेर येऊन उभी राहिल्याचा आवाज आला.

"जाऊ द्या मग," डॉक्टर म्हणाले. "वेळ घालवण्यात अर्थ नाही."

"थांबा की जरा. कच्ची रेघ दाखवा मला."

डॉक्टरांनी कच्ची रेघ कधी पाहिलीच नव्हती. पाहायची गरजही नव्हती. पोटावर शेला घातला की त्यात दोन हृदयं उमटतात, आईचं आणि बाळाचं. आईचं हृदय केवढं तरी जोरकस. त्यापुढे बाळाचं म्हणजे ढोलताशापुढे घुंगरू. म्हणून यंत्र आधी आईची रेघ वजा करतं आणि उरलेली बाळाची तेवढी डॉक्टरला दाखवतं. ही वजाबाकी केतकीबाईंनीच ठरवली होती. तिचा त्यांना अभिमानही होता.

त्यांनी वजाबाकी बंद केली. पडद्यावर आज सकाळची नोंद धावू लागली: उंच उंच शिखरं नंदूच्या हृदयाची, त्यांच्या पायथ्याशी बारीक बारीक टेकाडं बाळाची. मग ते चार सेकंद आले. बाईंनी रेघ तिथेच थांबवली. पडद्यावर बोट टेकवून त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली.

"डॉक्टर," त्या शेवटी हळूच म्हणाल्या, "ह्या चार सेकंदांत नंदूचंही हृदय थांबलं होतं का हो?"

डॉक्टर खुर्चीतून उठून पडद्याशी आले. बाळाची टेकाडं नाहीशी झाली होती हे खरं; पण आईची शिखरंही नाहीशी झाली होती. दोघांच्या जागी एकच सरळ रेघ होती, पट्टीनं आखल्यासारखी.

"मी तर बोलत होते तेव्हा," नंदू कोपरावर उठत म्हणाली. "आईला पाणी मागत होते. हो ना गं आई?"

दाराशी उभ्या असलेल्या उज्ज्वलानं मान डोलावली.

"म्हणजे शेलाच बंद पडला होता," डॉक्टर म्हणाले.

"बंद पडला असता तर रेघ वेडीवाकडी थरथरली असती. इतकी सरळ आली नसती." बाईंच्या आवाजात एकदम काहीतरी उजळलं. "हा पायरीवर चढला होता, डॉक्टर! गुलाम पायरीवर जाऊन बसला होता!"

"कसली पायरी?" नंदूनं विचारलं. पोर तिचं, काळजी तिची. तिला कळायलाच हवं होतं.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "हे बघ नंदू. ह्या कापडावर दोन-तीन अणूंएवढा पातळ थर आहे. त्यातून वीज वाहते, म्हणजे विजेचे कण पळतात, इलेक्ट्रॉन. त्यांना पुढं-मागं, डावी-उजवीकडं पळता येतं. वर-खाली जायला जागाच नाही. कॅरमची सोंगटी कशी फळीवरच घसरते, तशी गत. असल्या थराला आम्ही द्विमितीय अर्धवाहक म्हणतो. आणि अस्तरात शिवलेत चुंबकाचे पट्टे. चुंबकाची खोड अशी की तो पळत्या इलेक्ट्रॉनला सरळ जाऊ देत नाही, वळवत राहतो. वळून वळून त्याची गिरकी पुरी होते. फुगडी खेळलीस ना कधी?"

"पंचमीला खेळतो की."

"अंगणभर फुगड्या चालल्यात असं धर. मधल्या जोड्या जागच्या जागी फिरतात, त्या कुठं जात नाहीत. भिंतीलगतची जोडी मात्र भिंतीवर आपटते, पुन्हा गिरकी घेते, पुन्हा आपटते, अशी भिंतीच्या कडेकडेनं पुढं सरकते. आणि सगळ्या एकाच दिशेनं! मागं फिरायची सोयच नाही. वाटेत खड्डा असो, दगड असो, वळसा घालून पुढं. शेल्यातली वीज तशी नुसती कडेनं वाहते."

"मग पायरी?"

"तेच तर! ह्या थरात विजेला किती आडकाठी होते त्याचा एक आकडा आपण मोजतो; चुंबकत्व वाढवत नेलं की तो वाढत जातो. पण हळूहळू चढत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी चढतो. पायरीवर असला की चुंबकत्व थोडं इकडं-तिकडं करा, ढिम्म हलत नाही. थर पुण्यात केलेला असो नाहीतर जपानात, कोपरा फाटलेला असो, त्यात कचरा असो, त्या पायरीला तोच आकडा. दहावा अंकसुद्धा चुकत नाही. आणि गंमत सांगू? कचरा नसेल, थर अगदी निर्मळ असेल, तर पायरीच नाहीशी होते! मधल्या गिरक्या त्या कचऱ्यात अडकून पडतात, म्हणून तर आकडा पायरीवरून ढळत नाही. पंचवीस वर्षं मी हे बघत्येय. अजून रोज सकाळी वाटतं, अगं बाई, हे खरंच असं आहे?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. रुग्णवाहिका दारात, पोरीच्या डोळ्यांत पाणी, आणि ह्या बाईचा चेहरा जत्रेत पहिल्यांदा पाळणा पाहिलेल्या मुलीसारखा. त्यांना क्षणभर राग आला, आणि लगेच तो गेलाही. कारण दोन-तीन अणूंच्या थरात असलं काही चाललेलं असतं हे त्यांनाही आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पण पायरीवर बसलेला शेला आपल्या काय कामाचा?" बाई पुढे म्हणाल्या. "तो कुणाचंच ऐकत नाही. म्हणून आम्ही त्याला दोन पायऱ्यांच्या मधल्या उतारावर बसवतो. तिथं तो इतका हळवा असतो, की बाळाच्या एका ठोक्यानंही घसरतो. ती घसरण म्हणजेच ही रेघ. आता त्याला बाहेरून धक्का बसला, तर तो उतारावरून सरकून पायरीवर जातो आणि तिथं गप्प बसतो. त्याला बाळही दिसत नाही, आईही नाही. आज सकाळी तेच झालंय. गेले तीनही गुरुवार तेच."

"धक्का कसला?" डॉक्टरांनी विचारलं.

"लोखंडाचा. हलत्या लोखंडाचा. खाटेचं लोखंड जागचं हलत नाही, शेला आल्याबरोबर त्याची सवय करून घेतो. हे लोखंड नंदूच्या श्वासाबरोबर हलतंय." बाई नंदूकडे वळल्या. "काय आहे गं अंगावर?"

"काही नाही मॅडम. टाचणीसुद्धा नाही. देवाशप्पथ!" आणि नंदू खोटं बोलत नव्हती.

डॉक्टरांनी उशी झटकली, गादी उलटी केली, खाटेखाली वाकून पाहिलं. काही नाही. मग दाराशी उभी असलेली उज्ज्वला दोन पावलं आत आली. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं.

"समजा," ती म्हणाली, "समजा, असलं लोखंड कुठं. आणि ते काढलं. तर बाळाचं काय?"

"काही नाही. शेला परत उतारावर येईल, आणि बाळ कसं आहे ते खरं खरं कळेल."

"आणि न्हाई काढलं तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर मला साताऱ्याला न्यावंच लागेल, काकी. डोळे झाकून कसं बसू?"

उज्ज्वलाच्या मनात काय चाललं होतं ते पुण्याच्या बाईंना कळणं शक्य नव्हतं. पोटुशीला नजर लागू नये म्हणून बांधलेली राखण बोलून दाखवायची नसते. ओठाबाहेर आली की ती उतरते, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, त्या आईला तिच्या आईनं. बोलावं तर बाळाची राखण जाते. न बोलावं तर बाळ आठव्या महिन्यात कापून बाहेर काढतात. बिचारीची अगदी इकडे आड तिकडे विहीर झाली. मग तिनं एकदम डॉक्टरांकडे बोट केलं.

"तुम्ही भाईर जावा जरा. बाई ऱ्हाऊ देत."

डॉक्टर बाहेर गेले. उज्ज्वला खाटेशी गुडघे टेकून बसली, नंदूच्या परकराच्या नेफ्याची मागची शिवण तिनं दातांनी तोडली, आणि आत घडी घालून शिवलेली एक काळी चिंधी ओढून काढली. चिंधीत बिब्बा होता. बिब्ब्याबरोबर घोड्याच्या नालेचे खिळे होते, एकावर एक, चांगले मूठभर.

"आई!" नंदू ओरडली. "तू म्हणालीस नुसता बिब्बा आहे!"

"एकच खिळा घातला हुता गं आधी. जत्रेतल्या नालबंदाकडून आणलेला." उज्ज्वलानं खिळे केतकीबाईंच्या हातात ओतले. "मग डॉक्टर म्हणाले, काळीज थांबतंय बाळाचं. मला वाटलं, एक पुरत न्हाई. तू झोपलीस की आणखी घातले. पुढल्या गुरुवारी म्हणाले, जास्त थांबतंय. मग मी आणखी घातले."

केतकीबाई हातातल्या खिळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. जितकी भीती वाढली तितकं लोखंड वाढलं, जितकं लोखंड वाढलं तितकी रेघ सपाट झाली, आणि रेघ सपाट झाली म्हणून आणखी भीती. सगळ्या प्रयोगशाळेनं मिळून डोकं चालवलं असतं तरी असा फेरा कुणाला सुचला नसता.

"म्हंजे मीच," उज्ज्वला म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मीच थांबवत हुते व्हय त्याचं काळीज?"

"नाही हो!" बाई तिच्याशेजारी खालीच बसल्या. "उज्ज्वलाताई, माझ्याकडं बघा. त्याचं काळीज एकदाही थांबलेलं नाही. थांबला तो आमचा शेला."

हे कानांवर पडलं आणि उज्ज्वलाचं रडणं बंद होऊन तिला संतापच आला. "मग सांगायला काय झालं हुतं तुम्हाला? भिंतीवर लिवलंय वस्तू काढा, दागिने काढा. काढले की दागिने! ही वस्तू हाय व्हय? ही राखण हाय! तुमच्यात पोटुशीला काय बांधतच न्हाईत का?"

केतकीबाईंच्या घरात कुणी बांधलं नव्हतं, आणि ज्यांच्या घरात बांधतात त्यांना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. शिवाय आईची रेघ पडद्यावरून पुसली नसती, तर हे डॉक्टरांना पहिल्याच गुरुवारी दिसलं असतं. "चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं." तेवढ्यात दुसराच विचार त्यांच्या मनात आला. शेला आता गावोगाव होता. नेफेही गावोगाव होते. कुणाकुणाची बाळं अशीच घाईघाईनं बाहेर काढली असतील? त्यांनी तिथल्या तिथे सगळ्या केंद्रांना निरोप धाडला: बाळाची रेघ सपाट दिसली की आधी आईची पाहा, आणि मग अंगावर राखण आहे का ते प्रेमानं विचारा. जुन्या नोंदी एकेक करून उघडाव्या लागणार होत्या. त्या उघडायची त्यांना धास्ती वाटली.

डॉक्टरांना आत बोलावलं. शेला पुन्हा पोटावर आला. ह्या खेपेला बाईंनी दोन्ही रेघा राहू दिल्या, उंच शिखरं आणि बारीक टेकाडं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. नंदू कुशीवर वळली, खोकली, मुद्दाम मोठा श्वास घेऊन सोडला. टेकाडं एकामागून एक येतच राहिली. एकही गळालं नाही. डॉक्टर किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मग ते बाहेर जाऊन रुग्णवाहिकेच्या चालकाला "जा रे बाबा, रिकामीच जा, आणि चहा पिऊन जा," असं म्हणाल्याचं आत ऐकू आलं. आत आले तेव्हा ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते.

"आणखी एक दाखवते," बाई म्हणाल्या. "हे एरवी आम्ही केंद्रांवर दाखवत नाही."

त्यांनी कळ फिरवली. रेघा गेल्या आणि पडद्यावर अंधार झाला. त्या अंधारात लिंबाएवढा एक आकार हलत होता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिणगी जन्मली. ती वरच्या दोन कप्प्यांवर पसरली, मधल्या अरुंद वाटेशी आली, तिथे किंचित थबकली, जणू आत येऊ का म्हणून विचारतेय, आणि मग सरसर खाली उतरून तिनं सगळं हृदय एकदम आवळलं. पुन्हा अंधार. पुन्हा वर ठिणगी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी किल्ली दिली नव्हती, आणि ती येतच होती. बाहेर शेल्यात कोट्यवधी इलेक्ट्रॉन कडेकडेनं पळत होते, आणि आतल्या त्या इवल्याशा विजेनं ते घसरत होते. केतकीबाईंनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांच्या अंगावर नेहमीप्रमाणे काटा आला, आणि त्यांनी तो लपवला नाही.

"हे माझं?" नंदूनं विचारलं.

"तुझंच."

उज्ज्वलाला राहवलं नाही. तिनं शेल्यावरून लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि खाली वाकली. "अरे माझ्या राजसा, माझ्या सोन्या," ती म्हणाली, "काय रे दमवलंस सगळ्यांना!"

ठिणग्या भराभर येऊ लागल्या. डॉक्टरांनी चमकून पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठोक्यांच्या आकड्याकडे पाहिलं. ठोके चढले होते. उज्ज्वला घाबरून मागे सरली, तसे ते पुन्हा हळूहळू खाली आले.

"काय झालं? काय केलं मी?"

"परत बोला," बाई म्हणाल्या. "काहीही बोला, उज्ज्वलाताई."

"काय बोलू? मला काय सुचतंय का आता!"

एवढ्यानंही ठोके चढले. मग डॉक्टर बोलून बघू लागले, बाई बोलल्या. ठिणग्या आपल्या संथ चालीनं येत राहिल्या. नंदू बोलली, किंचित फरक पडला. उज्ज्वला बोलली की मात्र पडद्यावर दिवाळी. आठव्या महिन्यात बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येतात हे डॉक्टरांनी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. लिहिणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं.

"आजीला ओळखतंय ते!" नंदू हसत होती आणि रडतही होती. "आई, तुझा आवाज ओळखतंय ते. रोज बोलत असतेस ना माझ्याशी, दिवसभर तुझं तोंड चालू. पाठ झालाय त्याला!"

उज्ज्वलाही हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं. ती खाटेला धरून खाली टेकली.

"काय झालं, काकी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऐकतंय म्हणता ते?"

"ऐकतंय, अगदी नक्की."

"आणि समजतंय का?"

डॉक्टरांनी केतकीबाईंकडे पाहिलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. दोन-तीन अणूंच्या थरातला एकेक इलेक्ट्रॉन कुठे वळेल ते त्या सांगू शकत होत्या. हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"पहिल्या गुरुवारपासनं," उज्ज्वला अगदी हळू बोलू लागली, "नंदूचा दुपारी डोळा लागला की मी हिच्या पोटाशी बसायचे. आणि त्याला म्हणायचे, जायचं असंल तर आत्ताच जा रे. माझ्या लेकीला आणखी जीव लावू नको, मागल्यासारखी वेडी हुईल ती. रोज म्हणायचे. तोंडानं म्हणायचे, मनात न्हाई." तिनं पडद्याकडे पाहिलं. तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर ठिणग्या भराभर येत होत्या. "ते बी ऐकलं असंल का हो त्यानं?"

नंदू उठून बसली. तिनं आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि वरून स्वतःच्या हातानं दाबून धरला.

"ऐकलं असंल, आई," ती म्हणाली. "तरी गेलं नाही ना ते? आता काय सांगतेस त्याला?"